ग्रादिमिरच्या लग्नाचं पिंप

आमच्या पोदबारात ग्रादिमिरला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि बिचाऱ्याचं खरं दुखणं तेच आहे. डॅन्यूबकाठच्या नोव्ही साद शहराच्या या जुन्या वस्तीत, चर्चच्या मागच्या गल्लीत, त्याच्या बापाची राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, भट्टी आहे. भट्टी म्हणजे काय, तर एक अंगण, तांब्याचं एक जुनं भांडं आणि मागे बसायची खोली. पण हल्ली शहरातल्या लोकांना दारू नुसती पिऊन भागत नाही, ती होते कशी हेही बघायचं असतं. मग सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून घोळके येतात, आणि ग्रादिमिर त्यांना भट्टी दाखवतो.

दाखवतो छान, खोटं कशाला बोला! आलुबुखार कसे आंबवतात ते सांगतो, तळहातावर थेंब टाकून चोळायला लावतो, वास घ्यायला लावतो. पहिली धार प्यायची नाही, ती आजीच्या गुडघ्यांना चोळायची, असं म्हणून हसवतो. आणि शेवटी सगळ्यांना कोपऱ्यातल्या पिंपापाशी नेतो.

तुतीच्या लाकडाचं पिंप. वर पितळी पट्टी, तिच्यावर ग्रादिमिरचं नाव आणि जन्माचं साल. आमच्यात मुलगा झाला की बाप त्या वर्षीची सगळ्यात चांगली राकिया पिंपात भरतो, आणि तोटी ठोकून ते पिंप फुटतं मुलाच्या लग्नात. बहुतेकांची पिंपं मुलगा पंचविशीत येईतो एका रात्रीत रिकामी होतात. ग्रादिमिरनं चाळिशी ओलांडली, तरी त्याचं पिंप आपलं तसंच. राकिया उडून जाते म्हणून म्हातारा दर वर्षी वरून भर घालतो. म्हातारा म्हणजे तिहोमिर, त्याचा बाप. या तिहोमिरनं मुलाच्या ब्रह्मचर्याचाच धंदा केला. तांब्याचं भांडं बघून लोक माना डोलावतात, पण पिंप बघितलं की फोन बाहेर काढतात. मग ग्रादिमिरनं पिंपावर हात ठेवून म्हणायचं, "हे माझ्या लग्नात फुटणार. नवरदेव तुमच्यासमोर उभा आहे. आहे का कुणी इच्छुक?" लोक हसतात. एखादी बाई हात वर करते, तिचा नवरा तो खाली ओढतो, पुन्हा हशा. स्वतःच्या लग्नाची चेष्टा स्वतःच्याच तोंडानं, तीही तिकीट लावून! मला तर ऐकवत नसे.

आणि गंमत अशी, की बाई होती. तुंदे तिचं नाव. हंगेरियन, गावाच्या दुसऱ्या टोकाला तेलेपमध्ये राहायची, दातांच्या दवाखान्यात नर्स होती. एकदा लग्न मोडलेली, पण हसरी. कित्येक वर्षं दोघं डॅन्यूबच्या काठानं फिरत होती. वसंतात ग्रादिमिरनं एकदा धीर करून बापाकडे विषय काढला. बापानं बाटल्यांना लेबलं चिकटवत मानसुद्धा वर केली नाही.

"हंगाम जाऊ दे," म्हणाला. "आत्ता पिंप फोडलं तर लोकांना काय दाखवू? तुझं तोंड?"

झालं. पठ्ठ्या शेपूट घालून परत आला. हंगाम गेला, आलुबुखार पिकले, भट्टी पेटली, आणि ग्रादिमिर वाटच बघत राहिला. आता तुम्ही म्हणाल, कचेरीत जाऊन सही करायची, हाय काय नि नाय काय! अहो, बाप जिवंत, पिंप भरलेलं, आणि मुलानं चोरून लग्न करायचं? आमच्यात त्याला बापाला जिवंतपणी पुरणं म्हणतात. ग्रादिमिरच्यानं ते होण्यासारखं नव्हतं. मग उरलं काय? त्या पिंपात तोच बंद होता म्हणा ना.

तुंदेला ऑस्ट्रियात, ग्राट्समध्ये नोकरी मिळाली. सोमवारी निघायचं होतं. तिनं त्याला नदीकाठी सरळ सांगितलं, "मला पिंप नको, राकिया नको. रविवारपर्यंत बापाशी बोल. बोललास तर मी जात नाही. नाही बोललास तर जाते, आणि मग मला फोन करत बसू नकोस."

"बोलतो," ग्रादिमिर म्हणाला.

रविवार उजाडला. सकाळी बोलू म्हणाला, तर बाप चर्चमध्ये. जेवताना बोलू म्हणाला, तर बाप सूप गार आहे म्हणून चिडलेला. दुपारी घोळका आला. दारात तिकिटं बघता बघता ग्रादिमिरनं मान वर केली, तर सगळ्यांच्या मागे निळा कोट घालून तुंदे उभी! हातात तिकीट. तिनं ते त्याच्यापुढे धरलं, त्यानं मुकाट्यानं फाडलं.

त्या दिवशी त्यानं भट्टी कशी दाखवली, त्याचं त्यालाच माहीत. गुडघ्यांचा विनोद विसरला. पिंपापाशी आल्यावर नुसतं साल सांगून तो लोकांना ग्लासांकडे वळवायला लागला, तेवढ्यात एक जाडा गृहस्थ, जो दर वेळी नवे पाहुणे घेऊन यायचा, तो ओरडला, "अरे, नवरदेवाचं राहिलं की! मी यांना त्याच्यासाठीच आणलंय!"

लोक थांबले. ग्रादिमिरनं पिंपावर हात ठेवला. सुटका नव्हती. खाली बघत तो म्हणाला, "हे माझ्या लग्नात फुटणार. नवरदेव तुमच्यासमोर आहे. आहे का कुणी इच्छुक?"

मागे निळ्या बाहीचा हात वर झाला.

"मी आहे," तुंदे म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण हसतही नव्हता. लोकांना काहीतरी वेगळं जाणवलं असावं. ग्लासांच्या फळीजवळ तिहोमिर ग्लास भरत होता, त्यानं बाटली खाली ठेवली. सगळे ग्रादिमिरकडे बघायला लागले. एक 'हो' म्हणायचं होतं, बस्स. त्यानं तोंड उघडलं, आणि कुणीही हात वर केला की जे बाहेर पडायचं तेच बाहेर पडलं.

"विचार करा हं बाई! पिंपाबरोबर सासराही पदरात पडेल!"

खोली हशानं फुटली. जाड्यानं तर मांडीवर थाप मारली. तुंदेही हसली, फोटोसाठी हसतात तशी. मग ग्लास वाटले गेले. आमच्यात ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. ग्रादिमिर एकेकाशी भिडवत तिच्यापर्यंत आला. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, त्यानं ग्लासात. तिनं ओठ न लावता ग्लास तसाच भरलेला टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि निघून गेली. भरला ग्लास ठेवून जाणं म्हणजे यजमानाच्या थोबाडीत मारणं. पण घोळक्याला कुठून कळणार?

लोक पांगल्यावर ग्रादिमिर आत वळला, तर बाप पिंपाशेजारी उभा. एका हातात लाकडी हातोडी, दुसऱ्या हातात पिंपाला ठोकायची तोटी.

"तीच ना रे? तेलेपची, दवाखान्यातली?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोदबारात कुत्रं शिंकलं तरी मला कळतं!"

"मग वसंतात 'नाही' का म्हणालात?"

"नाही म्हणालो? हंगाम जाऊ दे म्हणालो! बाप म्हणतच असतो असं काहीबाही. माझ्या बापानं तर काठी उगारली होती. तरी तुझ्या आईला मी मागच्या कुंपणावरून घेऊन आलोच ना? म्हटलं, लेक परत येईल, टेबलावर मूठ आपटेल, भांडेल. वाट बघतोय मी तेव्हापासून, आणि तू लेबलं चिकटवतोयस!" म्हाताऱ्याचा आवाज चिरकला. "एकटी बाई, परक्या लोकांत हात वर करते. मी हातोडी उचलली. आणि तू गाढवा, माझ्यावर विनोद केलास?"

ग्रादिमिर हातोडीकडे बघत राहिला.

"आता उभा काय राहिलास? पळ! पुढचे लोक मी बघतो."

ग्रादिमिरनं ॲप्रन सोडून फेकला, अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली. फाटकाबाहेर पुढचा घोळका तिकिटं हातात धरून उभा होता. त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे, रस्त्याच्या कोपऱ्यावर बसथांब्यापाशी, निळा कोट दिसत होता. बस अजून आलेली नव्हती. एक हाक मारली असती तरी पुरली असती.

"हीच का हो ती भट्टी?" पुढच्या बाईनं हसून विचारलं.

ग्रादिमिरनं तिच्याकडे बघितलं. मग फाटक पूर्ण उघडून तो बाजूला सरला.

"हीच," तो म्हणाला. "या, या. सांभाळून हं, पायरी जरा उंच आहे."