मामंजींची डाव्या हाताची सही

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सरकारी शाळेत तीस वर्षं पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवली. पोराचं नाव घालायला आलेला बाप अंगठा पुढे करू लागला की हे त्याला खाली बसवायचे आणि हातात पाटी द्यायचे. "आधी तुमची सही, मग पोराचं नाव." मग तो बेगम बाजारातला हमाल असो की कुणाचा घोडेवाला. अशा माणसाच्या अंगावरून एके दिवशी वारं गेलं आणि नेमका उजवा हात लुळा पडला.

मी तेव्हा सतरा वर्षांची. काचीगुड्याला घर, नवरा सिकंदराबादला रेल्वेत, म्हणजे दिवसभर घरात मामंजी, सासूबाई आणि मी, तिघंच. मामंजींना वजीफा मिळायचा, आता आपण पेन्शन म्हणतो ते. तो चालू राहायचा तर दर सहा महिन्यांनी कचेरीत जाऊन, आपण हयात आहोत अशा कागदावर सही करावी लागे. पुढच्या खेपेला तीन महिने उरले होते. सासूबाई म्हणाल्या, "अंगठा उठवा की! बोटं का झडणार आहेत?"

मामंजींनी संध्याकाळी मला हाक मारली. "सूनबाई, पाटी आण."

"अगं बाई! डाव्या हाताने सरस्वती?" सासूबाई तरातरा देवापुढे जाऊन बसल्या.

"उजवा तिनेच नेला ना?" मामंजी ओरडले. "मग डावा ठेवलाय कशाला?"

एका हाताने लिहायचं तर पाटी सरकते. ती धरून बसायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगते, मला मेलीला भारी कंटाळा यायचा. चुलीवर आमटी, आणि मी इथे पाटी धरून. अक्षरं कोंबडीने उकरल्यासारखी यायची. ते चिडून पेन्सिल फेकायचे, वर मलाच म्हणायचे, "नीट धर!" एकदा मीही फणकारले, "मामंजी, या वयात कशाला हा हट्ट?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "किती बापांना मी चारचौघांत खाली बसवलं, ठाऊक आहे? माना खाली जायच्या त्यांच्या. आता मीच अंगठा दिला, तर त्यांना मी उगाच लाजवलं म्हणायचं." त्यांचे डोळे भरून आले होते. मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी कुरकूर केली नाही.

पाटीवरून कागदावर आलो तर नवीनच आफत. डावा हात लिहील तिथेच ओल्या शाईवरून घसरायचा आणि सगळं नाव फरफटायचं. महिना त्यात गेला. मग एका सकाळी ते एकटेच हसायला लागले. "अगं, आपण उलटे चाललोय! उर्दूत सही करतो. उर्दू डावीकडे जाते, हात पुढे पळेल, शाई मागे सुकेल." तेव्हा आमच्याकडे शाळेचं सगळं कामकाज उर्दूतच, त्यामुळे लिपी डाव्या बोटांत नसली तरी डोक्यात होती. पंधरा दिवसांत सही उभी राहिली. वाकडी, पण त्यांची.

त्या पंधरा दिवसांत उर्दू अक्षरं आधी पाटीवर गिरवली, तेव्हा त्यांनी मलाही सोडलं नाही. "नुसती धरून काय बसतेस? खाली कोपऱ्यात तुझं नाव काढ." लग्नानंतर मी पेन्सिल हातात धरलीच नव्हती. रोज काढायची, रोज पुसायची.

कचेरीच्या दिवशी मी बरोबर गेले, पण बाहेर टांग्यात बसून राहिले. बायका आत जात नसत. कागद मीच धरतो, असं कारकुनाने सांगितलं म्हणे. त्याच्या हातून तो सरकला आणि शाईचा डाग पडला. मग आतून निरोप आला, सूनबाईंना पाठवा. मी पदर घट्ट ओढून आत गेले. नुसते पुरुष! पण कागद मी हलू दिला नाही. मामंजींनी सही केली.

कारकुनाने जुना कागद काढून शेजारी ठेवला. त्यावर मराठीतली, उजव्या हाताची सही. "मास्टरसाब, ये तो मिलती नहीं. अंगूठा लगा दो, बात खतम."

मामंजींनी त्याला उर्दूत सुनावलं, "कशी जुळेल? तो हात गेला. हा नवा आहे. जुनी सही काढा, ही ठेवा."

कारकुनाने डोकं खाजवलं. नवी सही ठेवायची तर साक्षीदार हवा, म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि न विचारताच अंगठ्याच्या शाईची डबी माझ्यापुढे सरकवली.

मामंजींनी ती डाव्या हाताने परत लोटली. "ती सही करते."

मी टाक टेकवला तसा कागद सरकला. मामंजींनी आपला डावा तळवा त्यावर घट्ट दाबून धरला. मी माझं नाव लिहिलं.

आज माझं वय मामंजींच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. मागच्या महिन्यात पडले आणि उजवं मनगट मोडलं. परवा कसल्याशा कागदासाठी मुलाने तसलीच डबी घरी आणली. मी ती खिडकीबाहेर भिरकावली आणि नातीला समोर बसवलं. "कागद धर. हलवू नकोस."

पहिला कागद बिघडला. दुसराही बिघडला. नात म्हणाली, "आजी, राहू दे ना आता."

"तिसरा आण," मी म्हटलं.