पाच फुटांच्या आत

ओमेश्वर बिसेन दरेकसा स्टेशनावर पॉइंट्समन होता. गाडी यायच्या वेळी झेंडी घेऊन उभे राहायचे आणि ती गेली की जंगलाकडे पाहायचे, असे नोकरीचे साधारण स्वरूप. २००९ साली वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हा सोबतच्यांनी मोटरसायकली घेतल्या. ओमेश्वरने डीएसएलआर कॅमेरा घ्यायचे ठरवले आणि अकरा महिने तो नुसतेच ठरवत राहिला. गोंदियाहून आणलेले दोन कॅटलॉग वाचून वाचून घडीवर फाटले.

"मले पाहाले आले तवा पाऊण तासात हो म्हणून गेले," त्याची बायको योगेश्वरी म्हणायची. "अन् या डब्याले अकरा महिने?"

"तुह्या घरी मॉडेल एकच होतं."

"मंग पहिला फोटो त्याच मॉडेलचा काढा."

मागणी रास्त होती. लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला होता आणि तिचा चेहरा नीट दिसेल असा एकही फोटो घरात नव्हता.

गोंदियाचा दुकानदार म्हणाला, "भाऊ, पहली बार ले रहे हो तो छोटी लेन्स के साथ लो. घर-बाहर सब आ जाता है."

"घरचं तर डोळ्यानंच दिसते," ओमेश्वर म्हणाला. "जे दिसत नाही, त्याच्यासाठी कॅमेरा."

छोटी लेन्स तिथेच ठेवून ओमेश्वर दूरची लांबलचक लेन्स घेऊन आला. ती पाच फुटांच्या आतले काही टिपत नाही, हे कॅटलॉगात बारीक अक्षरांत होते. त्याने वाचलेही होते. पण पाच फुटांच्या आत जंगलातला धनेश पक्षी थोडाच येणार होता?

पहिला फोटो धनेशाचा निघाला. दुसराही.

"अजी, माहा फोटो?"

"तू कुठी उडून चालली?"

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला बाहेरून भरवतो. ही निष्ठा ओमेश्वरने दोन उन्हाळे टिपली. योगेश्वरी जेवणाचा डबा घेऊन मागे उभी असायची.

२०११च्या ऑगस्टात तिला मलेरिया झाला. पाचव्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटला, तशी ती खाटेवरून म्हणाली, "आता तरी काढा."

क्वार्टरच्या त्या खोलीत एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला धानाची पोती. पोत्यांना पाठ लावूनही अंतर चार फूट भरत होते. फ्लॅश तिच्या डोळ्यांना सोसेना. शेवटी ओमेश्वर अंगणात गेला, कॅमेरा स्टुलावर टेकवला आणि दारातून नेम धरला. शेजारची देवकाबाई तांदूळ निवडत पाहत होती.

"हलू नको."

"मी काय बगळा आहो, इतक्या दुरून टिपाले?" योगेश्वरी हसली.

फोटोत खाटेचे पाय स्पष्ट आले. चेहरा हलला होता.

"उद्या बाहेर बसवतो तुले. उजेडात," तो म्हणाला.

पहाटे ताप पुन्हा चढला. गोंदियाच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरवीला फोटो हवा होता. नात्यातल्या एका लग्नाच्या घोळक्यात तिचा तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा सापडला. आमगावच्या स्टुडिओवाल्याने तो मोठा केला. मोठा झाला म्हणजे पसरला. स्टुडिओवाला कामात चोख होता.

"उजव्या गालावर काळं दिसून राहिलं. तीळ आहे का डाग? ठेवू का काढू?"

धनेशाच्या चोचीवरची रेघन् रेघ ओमेश्वर सांगू शकत होता. त्याने स्क्रीनकडे पाहिले, डोळे मिटले, उघडले. मग बाहेर जाऊन देवकाबाईला फोन लावला.

"तिच्या गालावर तीळ होता का?"

"होता ना, भाऊ. डाव्या. तुमाले नाही मालूम?"

तो आत आला. "डाव्या गालावर आहे," म्हणाला.

"मंग हा डागच. काढतो." स्टुडिओवाल्याने माउस फिरवला. "डाव्यावर टाकून देऊ?"

"टाका."

"केवढा टाकू?"

ओमेश्वरने खिशातून पुन्हा फोन काढला.