भिंतीबाहेरून आलेला होकार

एस्तेर, नोएल... तुमच्या त्या ग्रुपवर टाकायला आजीकडून एक 'भुताची गोष्ट' हवी, असा तुमचा मेसेज मिळाला. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, कधी नव्हता. आयुष्यभर मुलींना भूमिती शिकवली. चिंचेवरची हडळ, चकवा, अंगात येणं, असलं कोणी सांगू लागलं की मी सरळ विचारते, "तू स्वतः पाहिलंस?" की लगेच ती गोष्ट मामेभावाच्या मित्रावर जाते.

हे मात्र मी स्वतः ऐकलेलं आहे. आणि त्याला कोणी भूत म्हटलं की या वयातही माझं डोकं तापतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आम्ही बुलडाण्याला राहत होतो. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, मी त्याच शाळेत सातवीत. आमचं ख्रिस्ती कबरस्थान गावाबाहेर एका उताराच्या माथ्यावर होतं. चारी बाजूंनी कमरेएवढी दगडी भिंत. भिंतीपलीकडे उघडाबोडका उतार, खाली लांबवर दोनचार पळस. चैत्रात तिथे गवतही उरत नसे. शेळी लपायची म्हटली तरी लपली नसती. हे नीट लक्षात ठेवा.

अंजनामावशी आईची थोरली बहीण. देऊळघाटला दिलेली. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे येऊन राहिली. माझी आई मिशनच्या बोर्डिंगात शिकताना ख्रिस्ती झालेली. मावशी मात्र हिंदूच. पण दर रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येऊन मागे दाराशी बसायची, आणि येशूवर तिचा विश्वास पुढच्या बाकांवरच्या कित्येकांपेक्षा पक्का होता. हे मी नाही, आमचे पाद्री, पाळकसाहेबच म्हणत. ते नगरकडचे, शुद्ध बोलणारे. एकदा त्यांनी विचारलं, "अंजनाबाई, बाप्तिस्म्याला अजून किती दिवस थांबणार?"

"पोरीचं लगन होऊ द्या साहेब. माह्यावर पाणी पडलं तं तिले कोन करंन? येशूले घाई नाही, तुमाले काऊन?"

तिची मुलगी देऊळघाटला दिराच्या घरी वाढत होती. लग्न ठरलेलं होतं. पावसाळ्याआधी ते उरकलं की बाप्तिस्मा, असं मावशीनं कबूलही केलं होतं.

आता आमची एक रीत सांगते, कारण तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये ती असेल-नसेल. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी कबरस्थानात जमायची. आदल्या दिवशी कबरींना चुना लावून फुलं ठेवलेली असायची. उजाडता उजाडता पाळकसाहेब मोठ्यानं म्हणत, "ख्रिस्त उठला आहे!" आणि आम्ही सगळे एका आवाजात, "खरोखर उठला आहे!" मग टाळ, पेटी आणि गाणी. मरण हरलं, कबर रिकामी झाली, जे प्रभूत निजले तेही उठणार... या अर्थाची.

मावशीचं उत्तर दरवर्षी आधी यायचं. साहेब "ख्रिस्त उठ—" म्हणतात न म्हणतात तोच मागून, "हाव, उठला!" पोरं खिदळायची. साहेब रागवायचे, "बाई, वाक्य तरी पुरं होऊ द्या!"

"मले ठाऊक हाय तं थांबू काऊन?"

त्या वर्षी ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहात मावशी तापानं फणफणली आणि उत्तम शुक्रवारच्या, तुमच्या गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी सकाळी गेली. वडील सायकलवर देऊळघाटला गेले. दिरानं उंबऱ्याआडूनच सांगितलं, "तुमच्या ताटात जेवली ना थे? मंग तुमीच पुरा तिले." पोरीला तोंडही पाहू दिलं नाही, लग्न मोडेल म्हणे.

वडील पाळकसाहेबांकडे गेले तर तिथे नियम. बाप्तिस्मा नाही तर भिंतीच्या आत जागा नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांचंही तेच. मग आई स्वतः गेली, पदर खोचून. मी सोबत होते.

"साहेब, माहा धाकला पोरगा तिच्या मांडीवर गेला. त्याच्यापाशी जागा हाय. तिथं ठेवू द्या."

"मला का वाईट वाटत नाही? पण नियम आहे, बाई. तिच्या आत्म्याचं देव पाहील."

"देव पाहीन तं भिंत कोनासाठी बांधली? शेवटच्या दिवशी आपुन सारे इथून संगं उठनार, तुमीच सांगता. थे तिकडं एकटी उठंन काय?"

तुमच्या पणजीची ती एकच मागणी होती, की बहीण आपल्या माणसांत उठावी. ती मिळाली नाही. संध्याकाळी मावशीला भिंतीबाहेर, उतारावर पुरलं. साहेबांनी भिंतीबाहेर येऊन छोटी प्रार्थना केली, एवढं खरं. पण टाळ नाही, पेटी नाही. वडील एकटेच गायले.

ईस्टरची पहाट. फटफटलं होतं, माणसांचे चेहरे, कबरींचा पांढरा चुना, बाहेर तो ताजा मातीचा ढीग, सगळं स्वच्छ दिसत होतं. मंडळी भरलेली. साहेब म्हणाले, "ख्रिस्त..." आणि क्षणभर थांबले. सवयीनंच. तेही वाट पाहत होते, आम्हीही. कोणी मध्ये बोललं नाही. मग त्यांनी वाक्य पूर्ण केलं, "...उठला आहे."

आम्ही उत्तर द्यायचं होतं. एकाचंही तोंड उघडलं नाही.

आणि भिंतीबाहेरून उत्तर आलं. घाई नाही, ओरडणं नाही. आपण शेजारणीला सांगतो तसं...

"हाव. खरंच उठला."

मावशीचा आवाज. मी तो रोज सकाळी चुलीपाशी ऐकलेला. आईनं माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठले. माझ्यापुढे एक बाई मटकन खाली बसली. मग जी पळापळ झाली! पेटी तिथेच टाकून पेटीवाला पळाला. दरवर्षी मरणाला खिजवणारी गाणी छाती काढून गाणारे पंच सगळ्यांच्या पुढे!

वडील मात्र भिंतीवरून उडी मारून गेले, सगळा उतार फिरले. माणूस नाही, गुरं नाहीत. ढिगावर आईनं ठेवलेली फुलं होती तशीच.

दुपारपर्यंत कारणं तयार. एक पंच म्हणाले, गुराखी असेल. दुसरे म्हणाले, प्रतिध्वनी. मी पुढे मोठी झाल्यावर त्याच जागी उभी राहून हाका मारून पाहिल्या आहेत. प्रतिध्वनी येत नाही. आणि आला तरी तो नगरच्या बोलीला वऱ्हाडीत उत्तर देत नाही! बाकी मंडळींचं तर ठरूनच गेलं... भूत. बाप्तिस्म्याविना गेलेली, म्हणून भटकते. अरे, मेलेले जिवंत आहेत हे तुम्हीच ना दर रविवारी सांगता? मग एकीनं एकदा दुजोरा दिला तर पायात चपला घालायचंही भान राहू नये?

सोमवारी पाळकसाहेब घरी आले. उतरलेला चेहरा. हळू आवाजात म्हणाले, "पंचांचं म्हणणं पडलं... अंजनाबाईंना आत आणून ठेवावं. धाकट्याशेजारी."

आई तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही.

"मेली होती तवा आत चालत नव्हती. आता बोलली म्हनून चालते काय? नका हलवू तिले."

पुढच्या वर्षापासून पहाटेची उपासना देवळात होऊ लागली. दारं लावून.

तुम्ही विचाराल, आजी, मग ते होतं काय? मला ठाऊक नाही. इतकी वर्षं सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, हाती काही लागलं नाही. आम्ही सगळे दुःखात होतो, सगळ्यांना भास झाला, हे तुमचं उत्तर मला आधीच माहीत आहे. ते पाठवू नका. पंचांना कुठलं आलं होतं दुःख?

आई गेली तेव्हा तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, म्हणून तिला मावशीच्या शेजारी ठेवलं. बाप्तिस्मा झालेली, मंडळीतली बाई भिंतीबाहेर! बरीच कुजबुज झाली. होऊ दे. तिच्यापलीकडची जागा मी माझ्यासाठी सांगून ठेवली आहे. तुम्ही कधी इतक्या लांबून आलात, तर फाटकातून आत जाऊन रांगांमध्ये मला शोधत बसू नका.