आईच्या नावाचे मडफ्लॅप आणि पानशेतपलीकडची चढण

पानशेतपलीकडे राहणाऱ्या मामाच्या गोठ्यावर पत्रे घालायचे ठरले आणि मंगेशने जाहीर केलं, "पत्रे माझ्या ट्रकमधून जातील." मंगेश माझा धाकटा भाऊ, ट्रक त्याचा नवाकोरा. त्याच्यामागून मी आणि आई माझ्या कारने जाणार, म्हणजे कामही होईल आणि सहलही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, पण डोळ्याला काही लागू देऊ नका, असं बजावलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी विश्रांतवाडीत आमच्या दारात मडफ्लॅप, म्हणजे मागच्या चाकांमागे लटकणारे रबरी पडदे, बसवण्याचा सोहळा झाला. मंगेशने नाना पेठेतून जाड रबराचे फ्लॅप आणले होते आणि पेंटरकडून त्यांवर पिवळ्या अक्षरांत आईचं नाव काढून घेतलं होतं, 'सुमन'. गाडीवर आईचं नाव घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. पण लावताना याचा हात अडखळला. नावावर चिखल उडणार, शेण उडणार. म्हणून पठ्ठ्याने फ्लॅप चांगले दोन वीत वर घेऊन बोल्ट आवळले.

"आईचं नाव आहे ताई, पायदळी नको," तो म्हणाला. मला ते फार गोड वाटलं.

सकाळी लवकर निघालात तर सिंहगड रोडची गर्दी टळते. आम्ही उशिरा निघालो. खडकवासल्याच्या पुढे रस्ता बरा आहे. वाटेत पिठलं-भाकरी जरूर खा, दीडशे रुपयांत पोट भरतं. पानशेतनंतर मात्र मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

मामाच्या गावची चढण सुरू झाली आणि डांबर संपलं. नुसती खडी पसरलेली, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. पुढे मंगेशचा ट्रक, आणि माझ्या मागे दुधाचा टेम्पो अगदी चिकटून. पहिला दगड बॉनेटवर टणकन आदळला. दुसरा छतावर. ट्रकच्या चाकांखालून खडी सुटत होती आणि ती अडवायला खाली फ्लॅप नव्हताच. तो वर आईचं नाव मिरवत लटकत होता.

मी हॉर्न वाजवत राहिले. पत्र्यांच्या खडखडाटात त्याला काय ऐकू येणार?

"थांब की जरा," आई म्हणाली.

"थांबले तर गाडी मागे घसरेल. मागे टेम्पो आहे."

"मग मला बोलायला लावू नकोस, समोर बघ."

तेवढ्यात मुठीएवढा दगड थेट तिच्यासमोरच्या काचेवर बसला. काचेला जाळं पडलं. आईने पदर तोंडावर ओढला आणि डॅशबोर्डखाली वाकली. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती. उरलेली चढण मी एका हाताने तिचं डोकं खाली दाबून पार केली. असं चालवू नये, पण चालवलं.

माथ्यावर मंगेश थांबला आणि हसत खाली उतरला. काच बघून त्याचा चेहरा उतरला.

"आई, डोळा?"

"आहे जागेवर." आईने पदरावरची धूळ झटकली. "नाव माझं लिहिलंस, आणि दगडही मलाच मारलेस."

"चिखल लागू नये म्हणून वर घेतले गं."

"अरे, चिखल अडवायलाच असतात ना ते? माझ्या नावाला चिखल लागला तर धुता येईल. डोळा कुठून आणशील?"

मंगेशने पाना काढला. तिथेच ट्रकमागे बसला आणि फ्लॅप खाली घेतले, जमिनीपासून वीतभर. आम्हाला घ्यायला माथ्यावर आलेल्या मामाने लांबूनच विचारलं, "काय झालं हाय?" आईने नुसतं काचेकडे बोट दाखवलं.

येताना मी पुन्हा ट्रकमागेच होते. एकही दगड आला नाही. कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर जाड रबर घ्या आणि बोल्टखाली लोखंडी पट्टी टाका, नाहीतर भोकापाशी फाटतं. रिव्हर्स घेताना फ्लॅप वर बांधा. आम्ही विसरलो, आणि मामाच्या अंगणात उजवा फ्लॅप चाकाखाली येऊन अर्धा फाटला; तो तारेने बांधूनच परत निघालो.

घरी आल्यावर मंगेशने नवा फ्लॅप आणला आणि पेंटरकडे निघाला. आईने त्याला थांबवलं.

"आता काही लिहू नकोस त्यावर."

"मग नुसताच काळा लावू?"

"काळाच लाव, तो काही माझ्या एकटीसाठी नाही. मागून येणारी प्रत्येक बाई कुणाची तरी आईच असते."