सासऱ्यांचे नव्वद दिवस

कोर्टाचं वेड लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हायकोर्टाचे निकाल तोंडपाठ असलेला निरक्षर माणूस जगात एकच झाला आणि ते माझे सासरे, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. भोसरीला तेव्हा कारखाना औषधालाही नव्हता. सासऱ्यांची शेती रहाटणीत, आणि शेतातून सडकेला निघणारी गाडीवाट त्यांच्या चुलतभावाच्या रानातून जाणारी. त्या वाटेच्या हक्कासाठी त्यांनी चुलतभावावर पुण्याच्या कोर्टात दावा लावला होता. मला जावई म्हणून पसंत केलं तेही मी चिंचवडच्या शाळेत मास्तर होतो म्हणून नव्हे, इंग्रजी वाचता येत होतं म्हणून. वकिलाने टाकून दिलेले निकालांचे जुने अंक ते पोत्यात भरून आणत. मी जेवून हात धुतो न धुतो तोच अंक पुढ्यात. "पाव्हणं, हायकोर्ट काय म्हनतंय?" मी मराठीत सांगायचो आणि ते एकदा ऐकून कायमचं लक्षात ठेवायचे. त्यांचं म्हणणं असं, की नियम म्हणजे बैल आणि निकाल म्हणजे कासरा. पुस्तकातला नियम कुठे ताणायचा नि कुठे सैल सोडायचा, ते निकाल ठरवतात.

घरातही हाच कारभार. भाजी अळणी झाली तर सासूबाईंना "म्हणणं मांडायला" पुढची तारीख मिळे, आणि तोवर ते अळणीच खात. पंचक्रोशीत कोणी वारल्याची बातमी आली की हळहळण्याआधी त्यांच्या तोंडून "नव्वद दिवस" निघे. कारण दाव्यातला प्रतिवादी वारला, तर नव्वद दिवसांत त्याच्या वारसांची नावं लावावी लागत, नाहीतर दावा आपोआप बुडे. भोसरीच्या एका शेतकऱ्याचा असाच बुडाला होता. समोरचा वारल्याची खबरच लागली नसेल तर उशीर माफ करावा, असा एक निकाल सासऱ्यांनी आपल्या वकिलाला ऐकवला, त्याने तो कोर्टात मांडला आणि तो दावा पुन्हा उभा राहिला. पुढे चार महिने सासरे स्वतः न्यायमूर्ती असल्यासारखे चालत होते.

चुलतभावाशी त्यांचं भांडण अगदी कडवं, पण तारखेला चिंचवड स्टेशनपर्यंत दोघे एकाच बैलगाडीतून जात आणि कोर्टाच्या आवारात एकाच फडक्यातली भाकरी खात. गाडी वादीची, भाकरी प्रतिवादीची. वकिलांना हे बिलकुल पसंत नव्हतं.

एका उन्हाळ्यात चुलतभाऊ तापाने गेला. सासऱ्यांच्या तोंडून त्या वेळी "नव्वद दिवस" निघालेच नाहीत. मीच मोजत राहिलो. साठाव्या दिवशी वारसांची नावं लावायचा अर्ज लिहून नेला, तर तो फेट्यात खोचून ते वैरण टाकायला गेले. ऐंशीव्या दिवशी म्हणाले, बघू. नव्वदावाही उलटला. मी त्यांना जवळजवळ ओढतच वकिलाकडे नेलं. वकील हसून म्हणाला, त्यात काय, तुमचाच निकाल आहे, मृत्यू कळला नव्हता असं लिहून देऊ.

सासऱ्यांनी फेट्यात खोचलेला अर्ज काढून माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "साहेब, खांदा दिलाय म्या त्याला. कळलं न्हाई म्हनून कसं लिहू?"

दावा बुडाला. त्यांची गाडी ओढ्याकडून मैलभर वळसा घेऊन सडकेला लागू लागली. चुलतभावाच्या विधवा बायकोने निरोप धाडला, वाट तुमचीच समजा, खुशाल जा. मीही परोपरीने समजावलं. असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतकी माया मला दुसऱ्या कोणाविषयी क्वचितच वाटली.

"त्याला इचारल्याबिगर कसं जायाचं, पाव्हणं?" एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी बैल ओढ्याकडे वळवले.