चौथ्या पानावरचा बाप

अहवालाच्या चौथ्या पानावर माझा बाप होता.

नाव त्याचं नव्हतं. नाव दीपकच्या बापाचं. पण माणूस माझा. ‘पिता मद्यपी. नशेत पितळी परात बडवून मुलांना रांगेत उभे करीत असे.’ वाचलं. पुन्हा वाचलं.

परात आमची. रांगेत सगळ्यांत पुढं मी, कारण मी थोरली. हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. मॅडमना. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी चष्मा काढून मायेनं विचारलं, "घरचं वातावरण कसं होतं गं?" आणि मी सांगत गेले. नोकरी हवी होती.

मॅडम पुण्यातल्या नावाजलेल्या मानसतज्ज्ञ. क्लिनिक कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत. गुन्हा सिद्ध झाला की शिक्षा ठरवण्याआधी कधीकधी कोर्ट त्या माणसाचा मानसशास्त्रीय अहवाल मागवतं. माणूस कसा आहे, कुठून आलाय, सुधारेल का. हे काम मॅडमकडे यायचं. तुरुंगात आणि घरी जाऊन बोलायचं काम माझं. "तूच जा. तुला त्यांची भाषा येते," मॅडम म्हणायच्या. हे कौतुक आहे असं मला दोन वर्षं वाटत होतं.

दीपक वाघोलीतल्या एका मेसमध्ये स्वयंपाकी. भांडणात त्यानं मालकाच्या तोंडावर झारा मारला. मालकाचा एक डोळा गेला. गुन्हा त्यानं केलाच होता. तो मला झाकायचा नाही.

मी लोणी काळभोरला त्याच्या घरी गेले होते. बाप शाळेत शिपाई. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पत्र्याच्या पेटीतून त्यानं पोराची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं काढली, माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "बाई, पोरगं चुकलंय. पन या घरात कधी कुनी कुनावर हात उगारला नाय. तेवढं लिवा."

मी लिहिलं. सहा पानं लिहून मॅडमना दिली.

बापाचं ते वाक्य आलंय का बघायला या वेळी सहीआधी अहवाल उघडून वाचला. त्यात माझ्या पानांतलं काहीच नव्हतं. परात होती. खाली निष्कर्ष: ‘बालपणापासून हिंसेचे संस्कार. सुधारणेची शक्यता अल्प.’

तशीच कागद घेऊन केबिनमध्ये गेले. मॅडमची एक मैत्रीण समोर कॉफी घेत बसली होती.

"मॅडम, हा माझा बाप आहे. दीपकचा नाही."

"अगं, तुझं नाव कुठं घातलंय?" मॅडम म्हणाल्या. "तुझ्या नोट्समध्ये काही सापडतच नव्हतं. शिपाई, निर्व्यसनी, प्रगतिपुस्तकं. यातून काय निष्पन्न होणार? आणि तुमच्याकडे थोड्याफार फरकानं घरोघरी हेच असतं ना?"

तुमच्याकडे. म्हणजे कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

मग त्या मैत्रिणीकडे वळल्या. "ही त्यातूनच वर आलेली बरं का. बोलण्यावरून वाटणार नाही."

मैत्रिणीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "छान," म्हणाली.

मॅडमनी पेन पुढं केलं. सहायक म्हणून माझी सही लागायची. "कर लवकर. उद्या द्यायचाय."

पेनाला हात लावावासा वाटेना. किळस आली. मॅडमची. त्या कॉफीच्या वासाची. आणि माझ्या जिभेची, जिनं घरचं दुःख या टेबलावर आणून मांडलं होतं.

"नाही करणार."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

मॅडमनी एकटीच्या सहीनं अहवाल दिला. मी दीपकच्या वकिलाला गाठलं. सरकारकडून मिळालेला तरुण वकील. त्यानं अर्ज केला आणि शिवाजीनगर कोर्टात मला साक्षीला उभं केलं. भरल्या कोर्टात मी सांगितलं, चौथ्या पानावरचा दारुडा माझा बाप आहे. मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं.

सरकारी वकील म्हणाले, "म्हणजे आपण स्वतः अशाच घरातून आलात?"

"हो. पण शिक्षा माझ्या घराला द्यायची नाहीये."

न्यायाधीशांनी तो अहवाल बाजूला ठेवला, दुसरा मागवला. दीपकला तीन वर्षं लागली. जुन्या अहवालावर किती लागली असती, कुणाला ठाऊक. बाहेर त्याचा बाप भिंतीला टेकून उभा होता. "तीन वर्सं हायेत," एवढंच म्हणाला. आभार मानले नाहीत. ते बरं झालं. मला ते घेता आले नसते.

मॅडम आता सगळ्यांना सांगतात, मुलगी हुशार, पण वडिलांवरचा राग अजून निवळला नाही. अपमानालाही त्यांच्याकडे निदान असतं.

खरी घाण नंतर लक्षात आली. दीपकच्या आधी अकरा अहवाल होते. अकराही अहवालांवर माझी सही आहे. टाईप झालेलं न वाचता केलेली. त्या अकरा घरांत मी गेले होते, पाणी प्यायले होते. त्यांच्या नावावर काय काय छापलं गेलं, मी पाहिलंच नाही. काही माणसं अजून आत आहेत.

आता एकेका प्रकरणात कोर्टाला कळवणार आहे की ही सही माझी आहे, आणि मी ती न वाचता केली. माझ्यावर कारवाई होईल. या व्यवसायातली माझी नोंदणी जाईल. जाऊ दे. पहिला अर्ज लिहून झालाय. सोमवारी मी स्वतः नेऊन देणार आहे.