सालभराची गॅरंटी

मी शिकलो आणि सरकारी शाळेत मास्तर झालो, तो शालिक मिस्त्रींमुळे. पांढुर्ण्यात आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे अशी कामं ते करत. त्यांची एक सवय साऱ्या गावाला माहीत होती. गेट एकदा बसवलं की ते त्याच्याकडे वळून बघत नसत. हत्यारं थैलीत टाकायची, गिऱ्हाइकाला रामराम करायचा आणि चालू लागायचं.

एकदा एक किराणा दुकानदार त्यांच्या देखतच नव्या गेटचे जोड हातोडीने ठोकून पाहू लागला. मिस्त्री म्हणाले, "शेठजी, लग्न लागलं न आता? मंग जावयाचे दात कायले मोजून राहिले?" जमलेले लोक हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्या शेठजींचं काम त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. दुसऱ्याचं काम तपासून पाहणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं, असं ते मानत. गॅरंटी मात्र सगळ्यांना सालभराचीच देत. मी एकदा विचारलं, "काका, तुमचे गेट तर वीस-वीस वर्षं टिकतात, मग सालभराचीच का?" ते म्हणाले, "अबे, भला मानूस कमीच सांगते."

माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात. घरात कोणी शाळा पुरी केली नव्हती. बारावी झाल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो आणि काम शिकवा म्हणालो. त्यांनी डोळ्यांवरची काळी काच वर केली.

"नाही शिकवत."

"कायले काका?"

"मले हेच येते म्हनून मी हे करतो. तुले दुसरं येते न? मंग ते कर."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते मला बसने सौंसरला कॉलेजात घेऊन गेले. वाटेत जामसांवलीच्या मारुतीचे यात्रेकरू उतरेपर्यंत आम्ही उभेच होतो. कॉलेजातल्या बाबूने माझे कागद चाळले आणि विचारलं, "बीए करून काय करणार हा?"

मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, तुमी काय केलं होतं?"

"बीए."

"मंग? पंख्याखाली खुर्ची तर भेटली न."

बाबूने हसत माझं नाव लिहून घेतलं. आम्हाला जे विचारताही आलं नसतं ते त्यांनी असं विचारून टाकलं. पुढची सगळी वर्षं मी त्या एका सकाळच्या बळावर काढली.

त्यांना कधी काही दुखलं नाही. म्हणजे तसं ते म्हणाले नाहीत. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे सुजत, हातावर ठिणग्यांचे डाग पडत. विचारलं की एकच उत्तर, "बरं आहे. तू बोल." मला बैतूलला नोकरी लागल्यावर फोनवरही हेच. त्यांच्या मुतखड्याचं ऑपरेशन झालं, काही वर्षांनी दुसरं झालं, ते मला काकीकडून कळलं.

त्या ऑपरेशनांनंतर त्यांची डावीकडची लघवीची नळी, किडनीतून खाली येते ती, आतून आकसली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ नाही, कॅन्सर नाही, जखम भरताना आलेलं आकुंचन आहे. पण उजवी किडनी आधीपासूनच निकामी होती. सगळी भिस्त डावीवर. हृदय कमजोर असल्यामुळे मोठं ऑपरेशन नको म्हणाले. दुर्बिणीतून आत प्लास्टिकची बारीक नळी बसवली, म्हणजे वाट उघडी राहते. ती दर तीन-चार महिन्यांनी बदलावी लागे. काकी शेजारणींना सांगायची, "बाया माहेरले जाते, आमचे हे नळी बदलवाले नागपूरले जाते."

पुढे प्लास्टिकच्या नळ्या लवकर तुंबू लागल्या. तेव्हा डॉक्टरांनी धातूचा स्टेंट सुचवला. मी सोबत होतो. त्यांनी नमुना काकांच्या हातावर ठेवला. अगदी बारीक तारेची घट्ट गुंडाळी होती ती, लांब स्प्रिंगसारखी. काकांनी ती उजेडात धरली, बोटाने वाकवली, सोडली.

"डॉक्टरसाहेब, हे कोन बनवते?"

"बाहेरून येते."

"हात चांगला आहे त्याचा."

डॉक्टर हसले. मग त्यांनी नीट समजावलं. हा बाहेरून दाबला जात नाही, प्लास्टिकपेक्षा जास्त टिकतो, पण मधून मधून सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करायची, आणि वर्षभरात बदलायचा. काकांनी मान हलवली. परतताना गाडीत ते इतके खुशीत होते की काटोल येईपर्यंत त्यांनी मला त्या तारेबद्दलच सांगितलं.

ते तपासणीला गेले नाहीत. काकीने आठवण केली तर म्हणाले, "वर्षभर म्हनते तो. मीबी तसंच म्हनतो गिऱ्हाइकाले." मी फोन केला तेव्हा म्हणाले, "दुखत नाही रे. तू बोल, शाळा काय म्हनते?" आणि खरोखरच दुखत नव्हतं. हळूहळू तुंबलं की किडनी कळ न देता मरते, हे मला नंतर कळलं.

वर्ष उलटून गेल्यावर त्यांच्या पायांवर सूज आली, उलट्या सुरू झाल्या. नागपूरला नेलं. तारेवर क्षार बसून वाट बंद झाली होती. पाठीतून किडनीत नळी घालून बाहेर पिशवी जोडली. सूज उतरली की जुना स्टेंट काढून नवा घालू, असं ठरलं. डॉक्टरांनी रागावून नाही, साधं विचारलं, "मिस्त्री, तपासणीला का नाही आलात?"

काका म्हणाले, "साहेब, तुमच्या कामावर मले भरवसा होता."

डॉक्टरांनी हातातला पेन टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलून नव्या स्टेंटची तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर काकांनी पुन्हा जायला नकार दिला. काकीला म्हणाले, "त्याचं काम त्याच्याच समोर काढून फेकाचं? कसं वाटन त्याले?" दिलेली तारीख टळली. तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. त्यानंतर ते माझ्याबरोबर आले. नवा स्टेंट बसला, नीट बसला. पण किडनीत वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मग डायलिसिस, आणि उन्हाळ्यात ते गेले. मी सगळं केलं, लोकांना पाणी दिलं, खुर्च्या परत पोहोचवल्या. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

ते पत्र असं होतं:

प्रिय काका,

सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहितो आहे. मी डॉक्टरांशी बोललो. त्यांना वाईट वाटेल असं तुम्हाला वाटतं. त्यांना वाईट वाटतंच आहे, पण तुम्ही येत नाही म्हणून. तारेत काही खोट नव्हती. लघवीतला क्षार कोणाच्याही नळीवर बसतो, ती कोणीही बनवलेली असो. त्यासाठीच ते बोलावत होते.

ते म्हणाले, किडनी थोडी तरी वाचेल. किती, ते सांगता येत नाही. पण आज आहे तेवढी पुढच्या महिन्यात राहणार नाही.

मी शुक्रवारी सकाळच्या गाडीने पांढुर्ण्याला उतरतो. तुम्ही तयार नसलात तर मी भांडणार नाही, दारात बसून राहीन. रजेच्या अर्जात कारण लिहायचं होतं. वडील आजारी आहेत, असं लिहिलं. माझे बाबा कधीच गेले, हे आमच्या मुख्याध्यापकांना माहीत आहे. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

कानटोपी घ्या. गाडीत वारा लागतो.

तुमचा,
सिद्धार्थ